पडदा काळा, पंखा चालू

बहुतेक यंत्रं बिघडली की बोंब मारतात. स्कूटरचं ऑइल संपत आलं की इंजिन खडखडतं, मिक्सर जळायच्या आधी वास सोडतो, आणि कॉम्प्युटर तर बिघाडाची पाटीच लावतो, बहुधा कुणाला न कळणाऱ्या भाषेत. पण जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी फुकटची ऑपरेटिंग सिस्टिम) टाकताना डिस्प्ले गेला, तर पाटी लावायची कुठे? तक्रार ज्याच्यावर उमटायची तोच पडदा काळा. म्हणूनच मला हा बिघाड आवडतो.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला, आणि विंडोज ११ जुन्या प्रोसेसरांना दारातच अडवतं. त्यामुळे चांगले धडधाकट कॉम्प्युटर घरोघरी 'आता याचं काय करायचं' या सदरात जमा झाले. नाशकातल्या माझ्या ओळखीपाळखीच्या लोकांना पेन ड्राइव्हवर लिनक्स घेऊन येणारा माणूस हवा असतो, आणि मला कुणाच्याही घरचा चहा चालतो.

अशोकनगरचे एक काका आहेत. सातपूरच्या कारखान्यात लेथवर उभी हयात गेली. त्यांच्या नातवाचा डेस्कटॉप. पेन ड्राइव्ह लावला, मेनू आला, 'इन्स्टॉल'वर एंटर मारलं आणि अंधार. नातू म्हणाला, "गेला!" मी काही बोलायच्या आत काकांनी कॅबिनेटवर तळहात ठेवला.

"गेला कसा? फिरतोय की. आवाज ऐक, लोड घेतलाय त्यानं."

मी कॅप्स लॉक दाबलं. कीबोर्डवरचा दिवा लागला. पुन्हा दाबलं, विझला. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, थिजला असता तर तो दिवा हललाच नसता. पार कोलमडला तर काही कीबोर्डांवर दिवे आपोआप लुकलुकायला लागतात. काकांना ही खूण इतकी पसंत पडली की पुढे चहा येईपर्यंत ते बटण त्यांच्याच ताब्यात होतं.

मेनूपर्यंत दिसतं आणि मग जातं, याला कारण आहे. सुरुवातीचं चित्र मदरबोर्डवरच्या फर्मवेअरच्या, म्हणजे चिपमध्ये आधीच भरलेल्या प्रोग्रॅमच्या, जिवावर चालतं. पुढे कर्नल पडद्याचा ताबा स्वतःकडे घेतो: आडवे ठिपके किती, उभे किती, सेकंदाला किती वेळा रंगवायचे, सगळं तो ठरवतो. त्याचा ड्रायव्हर (कार्डाशी बोलणारा प्रोग्रॅम) आणि समोरचं ग्राफिक्स कार्ड यांचं पटलं नाही, की ताबा घेतानाच चित्र हरवतं. आत इन्स्टॉलर बिचारा तयार असतो, कोणती भाषा हवी म्हणून विचारत. (डेबियन या लिनक्सच्या एका प्रकाराच्या यादीत मराठीसुद्धा आहे. पण दिसेल तेव्हा ना!)

आधी केबल बघायची. वेगळं कार्ड बसवलेलं असताना केबल मदरबोर्डच्या खोबणीत खुपसलेली, हा प्रकार वाटतो त्यापेक्षा फार जास्त. काकांकडे तसं नव्हतं. मग मेनूवर 'ई' दाबायचं, 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणारी लांबलचक ओळ शोधायची, तिच्या शेवटी 'क्वाएट स्प्लॅश' असतं, त्याच्यापुढे 'नोमोडसेट' लिहायचं आणि एफ१०. याचा अर्थ कर्नलला सांगणं, की बाबा, तू पडद्याला हात लावू नकोस, फर्मवेअरनं दिलंय त्याच्यावर भागव. चित्र आलं. अक्षरं फुगलेली, खिडकी सरकवली की धापा टाकत येणारी, पण आलं. तेवढ्यावर इन्स्टॉल उरकायचं आणि नंतर योग्य ड्रायव्हर घालून ती ओळ पूर्ववत करायची. नोमोडसेट तसंच ठेवून वर्षानुवर्षं दिवस काढणारे लोक असतात. त्यांना सहनशीलतेचा एखादा पुरस्कार द्यायला हरकत नाही.

या भांडणात एनव्हीडिया या ग्राफिक्स कार्डं बनवणाऱ्या कंपनीचं नाव जगजाहीर आहे. २०१२ साली फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सनं कॅमेऱ्यासमोर मधलं बोट दाखवलं, ते याच कंपनीला. कार्डं आतून कशी चालतात हे कंपनी सांगेना, तेव्हा हौशी लोकांनी 'नूवो' नावाचा ड्रायव्हर रचला: कार्डाला अमुक दिलं तर ते काय करतं, हे बाहेरून निरखत निरखत. झाकण न उघडता तळहात ठेवून ओळखण्यातलंच हे काम. २०२२ मध्ये कंपनीनं आपल्या ड्रायव्हरच्या कर्नलमधल्या भागाचा कोड सगळ्यांना खुला केला, पण मुख्यतः नव्या कार्डांसाठी. जुन्यांच्या वाट्याला निरखणंच आलं.

चित्र येतं पण बुटकं आणि ताणलेलं, ही दुसरी तऱ्हा. मॉनिटर आपली कुंडली केबलमधून कॉम्प्युटरला कळवत असतो, मूळ १२८ बाइट्सची. स्वस्तातला कन्व्हर्टर मध्ये असला की ती कधीकधी पोचत नाही, आणि कॉम्प्युटर अंदाजाने १०२४ बाय ७६८ वर स्थिरावतो. जाड काचेच्या मॉनिटरच्या काळात हे आकडे हातानं फाइलमध्ये लिहावे लागत आणि चुकीचे लिहिलेत तर मॉनिटर जळेल, असा दमही दिलेला असे. तेव्हाचे लोक धीट होते.

पण सगळ्यात मजा लॅपटॉपची. कॉलेज रोडला एका मुलीचा लॅपटॉप असाच काळा ठिक्कर. खोलीतले दिवे घालवले, मोबाईलचा टॉर्च पडद्यावर तिरका धरला, तर आत सगळं जागच्या जागी: डेस्कटॉप, खालची पट्टी, उघडी खिडकी, तिच्यातलं 'पुढे' बटणसुद्धा. चित्र व्यवस्थित उमटत होतं, फक्त मागचा उजेड शून्यावर गेलेला. ब्राइटनेसचं बटण दाबत राहिलो आणि उजाडलं. "आईग्गं," ती म्हणाली, "म्हणजे मी मघाशी जे दाबत होते ते सगळं खरंच दाबलं जात होतं?"

माझी एक खोड आहे. सगळं नीट चालायला लागलं की मी 'क्वाएट स्प्लॅश' हे शब्द काढून टाकतो. मग सुरू होताना कंपनीचं चकचकीत चिन्ह येत नाही, ओळींमागून ओळी धावतात, प्रत्येकीच्या कडेला हिरवं 'ओके'. काकांची सून पहिल्यांदा बघून दचकली. हॅक झालाय का म्हणून विचारलं.

"हजेरी चाललीय," काका म्हणाले. एक ओळ मात्र लाल अक्षरांत येते आणि तिच्यावाचून कुणाचं काही अडत नाही. तिच्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, "हा एक दांडीबहाद्दर. आमच्या शिफ्टला पण होता."