कॅमेरा बंद ठेवणारा सहकारी

२९ मार्च २०२४, गुड फ्रायडे. दुसऱ्या दिवशी रंगपंचमी, त्यामुळे आमच्या नाशिकच्या घरात कुठल्या रहाडीवर, म्हणजे रंगाच्या जुन्या हौदावर, जायचं याचा खल चालला होता. रात्री दहाच्या सुमारास ऑफिसच्या चॅटवर बातमी पडली: एक्सझेड या लिनक्सवर सर्रास असणाऱ्या, फायली दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये कोणीतरी बॅकडोअर, म्हणजे गुपचूप आत शिरायचं चोरदार, घातलंय. युरोपातली मंडळी ईस्टरच्या सुट्टीवर. जागे आम्ही, आणि अमेरिकेतले दोघं-तिघं. ‘कोणीही कुठूनही, आपापल्या वेळेत’ असे गोडवे गाणाऱ्या आमच्या कंपनीच्या हँडबुकात असल्या रात्रीसाठी एक ओळ नाही.

काम सरळ होतं. कुठली कंटेनर इमेज (सॉफ्टवेअर चालवायचा तयार साचा) डेबियन या लिनक्सच्या कुठल्या आवृत्तीवर उभी आहे ते बघायचं, एक्सझेडचं ५.६.० किंवा ५.६.१ सापडलं की पाडून पुन्हा बांधायची. स्टेबल, म्हणजे पक्क्या आवृत्तीवरच्या वाचल्या; टेस्टिंग, म्हणजे चाचणीतल्या आवृत्तीवरच्या गेल्या. लोक विचारतात, कोड उघडा असून कोणाला दिसलं कसं नाही? कारण कोडमधून प्रोग्रॅम बांधताना, म्हणजे बिल्डमध्ये, बॅकडोअर घुसवणारी ओळ गिटमध्ये, म्हणजे सगळे वाचतात त्या कोडच्या भांडारात, नव्हतीच; ती फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये, म्हणजे वाटायला बांधलेल्या गठ्ठ्यात होती. बाकीचा माल चाचणीच्या ‘बिघडलेल्या’ फायलींत दडवलेला. दूरच्या मशीनवर शिरायच्या एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे पोस्टग्रेस डेटाबेसवाल्या आंद्रेस फ्रॉइंडला खटकलं, म्हणून हे बाहेर आलं. अर्धा सेकंद! आमच्या डॅशबोर्डवर आठवडाभर लाल पेटलेलं असतं, कोणी ढुंकून बघत नाही.

खरा घोळ सुट्टीनंतरच्या मीटिंगमध्ये झाला. जिया टॅन नावाच्या कोणीतरी दोनेक वर्षं गोड बोलून एक्सझेडला पॅच (कोडमधले बदल) पाठवले, थकलेल्या मेंटेनरचा, म्हणजे तो प्रोग्रॅम सांभाळणाऱ्याचा, भार उचलला, रिलीजचा हक्क मिळवला आणि ते चोरदार बसवलं. त्याला कोणी पाहिलं नव्हतं. म्हणून आमच्या मॅनेजरने फर्मान काढलं: मर्जचा, म्हणजे बदल मुख्य कोडमध्ये घालायचा, हक्क असलेल्यांनी एकदा कॅमेऱ्यासमोर यावं. नाव कोणी घेतलं नाही, पण रोख कोणावर होता ते सगळ्यांना कळलं. आमच्यातला एकजण कायम कॅमेरा बंद ठेवतो. फोटोच्या जागी मांजर. इतरांच्या कोडचा रिव्ह्यू मात्र इतका बारीक करतो की नवी पोरं टरकून असतात.

त्याने चॅटमध्ये एवढंच लिहिलं, “चेहरा बघून तुम्हाला नक्की काय कळणार आहे?”

उत्तर कोणी दिलं नाही. मीही नाही. दुसऱ्या दिवशी त्याने मर्जचा हक्क स्वतःहून सोडला. आता त्याचे पॅच आमच्यातला एक हसऱ्या चेहऱ्याचा माणूस न वाचता मर्ज करतो.

टारबॉल गिटशी जुळतो का, हे आपोआप तपासायचं तिकीट त्या रात्री मांजरवाल्यानेच उघडलं होतं. अजून कोणी घेतलेलं नाही. प्राधान्य: मध्यम.