अठरा

ड्यूटीवर चढण्याआधी मी औषधांच्या ट्रॉलीपाशी दोन मिनिटं डोळे मिटून उभी राहते. वॉर्डातल्या सगळ्यांना ते ठाऊक आहे. नवीन स्टुडंट आल्या की मी त्यांना बजावते, रुग्णाशी खोटं बोलायचं नाही आणि कागदाशीही नाही. ख्रिस्ती माणसाने वागण्यातून साक्ष द्यावी हे लहानपणापासून ऐकत आले, आणि आपण ती देतोय असं मला मनापासून वाटायचं.

त्या रात्री पहाटे पाचच्या सुमाराला फेरी मारताना एका खाटेपाशी थांबले. पोटाच्या ऑपरेशनचा तिसरा दिवस. आजोबा उशीला टेकून ताठ बसले होते, नाकपुड्या फुलत होत्या, दर श्वासाला खांदे वर जात होते. घड्याळ धरून मोजलं. मिनिटाला 32. ऑक्सिजन 89. डॉक्टरांना बोलावलं, ऑक्सिजन लावला, एक्स-रे झाला. न्यूमोनिया निघाला. आजोबांना आयसीयूत हलवलं आणि पुढे ते बरे होऊन घरी गेले, देवाची कृपा.

त्यांचा चार्ट मात्र माझ्या हातातच राहिला होता. रात्री दहाला श्वास 18. दोनला श्वास 18. शेजारच्या खाटेचा चार्ट काढला, 18. त्यापुढचाही 18.

नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन मशीन दाखवतं. आमच्या वॉर्डात श्वासाला मशीन नाही. छातीकडे बघत पूर्ण एक मिनिट उभं राहावं लागतं. तीस रुग्ण म्हणजे अर्धा तास नुसता श्वास मोजण्यात जातो. आणि बाकी आकडे ठीक दिसत असतानाच अनेकदा श्वास आधी वाढतो, रुग्ण बिघडतोय हे तोच आधी सांगतो.

रात्री हे चार्ट भरणाऱ्या स्टुडंटला बाजूला घेतलं. "अगं, श्वास मोजले होतेस का?"

"नाही, सिस्टर." मग खाली बघत म्हणाली, "तुम्ही पण नाडी धरता आणि अठरा लिहिता ना. मला वाटलं, श्वासाचं असंच करतात."

तिच्या बोलण्यात उद्धटपणाचा लवलेश नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. ती खरं बोलत होती. घाईच्या रात्री मी अठरा लिहिते, कित्येक वर्षं लिहीत आले. त्याला मी कधी खोटं म्हटलंच नव्हतं.

लहानांना अडखळण आणणाऱ्याच्या, म्हणजे त्यांना पापाकडे नेणाऱ्याच्या, गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला समुद्रात बुडवलेलं बरं, असं प्रभू येशू म्हणतो. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा 18वा अध्याय. वाचताना मला नेहमी दुसरंच कुणीतरी दिसायचं, कुणीतरी मोठा पापी. आपल्या भावाला अडखळण होत असेल तर मी कधीच मांस खाणार नाही, असं प्रेषित पौल करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहितो. मला एक मिनिट देववलं नव्हतं.

सकाळी इन्चार्ज सिस्टरांना सगळं सांगितलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "रिपोर्टमध्ये स्टुडंटने नोंद चुकवली एवढंच लिहा. तुमचं कशाला मध्ये आणता? तुम्हाला कुणी विचारलेलं नाही." त्या माझ्या भल्यासाठीच सांगत होत्या. मलाही क्षणभर पटलं, हे कबूल करते.

पण बायबलमधल्या जक्कयाला, त्या श्रीमंत जकातदाराला, तरी कुणी हिशेब मागितला होता? तो आपणहून उभा राहिला आणि कुणाचं लुबाडलं असेल तर चौपट परत देतो म्हणाला. मी रिपोर्टमध्ये लिहिलं, "श्वास न मोजता लिहिण्याची सवय माझी आहे. विद्यार्थिनीने ती माझ्याकडे पाहून उचलली." सही केली आणि कागद तिच्यापुढे ठेवला. तिच्याबद्दल काय लिहिलंय हे तिला कळायला हवं होतं.

तिने दोनदा वाचला. वाटलं, हायसं वाटून निघून जाईल. ती ख्रिस्ती नाही, माझ्या प्रार्थनेबद्दल तिने कधी काही विचारलंही नव्हतं. तिने खिशातलं पेन काढलं आणि माझ्या सहीखाली लिहिलं, "दोन वाजता मी खाटेपाशी गेलेच नव्हते. सगळेच आकडे मनाचे आहेत."

हे मलाही माहीत नव्हतं.