भागाकार आणि भाकरी

आज सकाळी स्तोत्र वाचून प्रार्थना झाली आणि पुढच्या दहा मिनिटांत मी लेकीवर ओरडले, भागाकार चुकला म्हणून. वहीचं पान खोडून खोडून फाटलेलं, त्यावर तिचे अश्रू, पेन्सिल टेबलाखाली. इतकं वाईट वाटलं की वही बंदच केली, तिला जवळ घेऊन सॉरी म्हटलं आणि दोघी किचनमध्ये गेलो. गरम भाकरीचे चार तुकडे, मग आठ, धाकट्याला दोन दिले तर उरले किती... वीस मिनिटांत पाव, अर्धा, पाऊण सगळं डोक्यात बसलं तिच्या!

घरी शिकवणाऱ्या माझ्या ख्रिस्ती मैत्रिणींनो, अख्खी शाळा घरात भरवायला जाऊ नका गं. सकाळी गणित आणि मराठी, दुपारी गोष्टी, बास. नातेवाईक दहावीचं विचारतात, तर एनआयओएसमधून, म्हणजे केंद्र सरकारच्या मुक्त शाळा बोर्डातून, तिसरी, पाचवी, आठवीच्या लेव्हलच्या परीक्षा देता येतात, दहावीला वय 14 पूर्ण लागतं, तेव्हा आत्तापासून बीपी वाढवून घेऊ नका.

आणि पंडिता रमाबाई आठवा. जन्म 1858 चा, मुलींना शिकवणं पाप समजायचा काळ, त्यांना संस्कृत शिकवलं ते आई लक्ष्मीबाईंनी, तीर्थयात्रेच्या फिरस्तीत, ना बाक ना फळा. पुढे त्यांनी निराधार बायका-मुलींसाठी उभं केलेलं केडगावचं मुक्ती मिशन, बायबलचं मराठी भाषांतर... हे मनात आलं ना की मला खूप धीर येतो.

लेक झोपलीये, ते फाटकं पान मी चिकटपट्टीने जोडून ठेवलंय. उद्या वही नाही, भाजी बाजारात सुट्टे पैसे मोजायचेत. ज्यांचा दिवस आज असाच गेला त्यांनी मेसेज करा, रात्री तुमचं नाव घेऊन प्रार्थना करते 🙏