नको म्हटलेली गाणी

वसईतल्या एका मित्राच्या घरी, नाताळच्या आदल्या संध्याकाळी, मी जिम रीव्ह्जचा आवाज पहिल्यांदा ऐकला. ओटीवर गोठ्याचा देखावा मांडून झाला होता, आत करंज्या तळणे चालू होते आणि टेपरेकॉर्डरवर रीव्ह्जने 1963 साली काढलेल्या नाताळगीतांची कॅसेट लागली होती. ती संपल्यावर मित्राच्या वडिलांनी दुसरी कॅसेट लावली आणि हातातले काम बाजूला ठेवून ते खुर्चीत येऊन बसले. गाणे होते ‘हील हॅव टू गो’. त्यातला माणूस टेलिफोनवर आपल्या प्रेयसीशी बोलतो आहे, तिच्या शेजारी दुसरा कोणी बसला आहे हे त्याला ठाऊक आहे, आणि तरीही तो आवाज चढवत नाही. तोंड रिसीव्हरच्या जरा आणखी जवळ आण, एवढेच तो तिला सांगतो. वसई, वांद्रे आणि गोव्यातल्या कितीतरी ख्रिस्ती घरांत हा टेक्सासचा गायक परका राहिलेला नाही, आणि त्याचे कारण मला त्या संध्याकाळी त्या खर्जातल्या आवाजात सापडले.

पुढे अमेरिकेच्या कंट्री संगीतातले, म्हणजे तिथल्या ग्रामीण दक्षिण भागातून आलेल्या लोकप्रिय गाण्यांतले, जुने गायक मी एकेक करून ऐकत गेलो, त्यांच्याविषयी मिळेल ते वाचत गेलो, तेव्हा एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली. ज्या गाण्याने गायकाचे नाव कायमचे ओळखले जाते, ते गाणे त्याने स्वतःहून निवडलेले असतेच असे नाही. पुष्कळदा ते त्याला आवडलेले नसते, किंवा तबकडीच्या दुसऱ्या बाजूला भरतीसाठी टाकलेले असते. ‘हील हॅव टू गो’चेच पाहा. जो ॲलिसन आणि ऑड्री ॲलिसन या दांपत्याने ते लिहिले. ऑड्रीचा आवाज इतका हळू होता, की फोनवर ती काय बोलते हे ऐकू येण्यासाठी जोला तिला रिसीव्हर तोंडाजवळ धरायला सांगावे लागे, आणि त्या घरगुती अडचणीतून गाण्याची पहिली ओळ निघाली. 1959 च्या अखेरीस तबकडी बाजारात आली तेव्हा पहिल्या बाजूला वेगळेच गाणे होते. रेडिओवाल्यांनी मात्र तबकडी उलटून वाजवायला सुरुवात केली, आणि 1960 मध्ये हे गाणे कंट्रीच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत 14 आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. रीव्ह्जला त्यानंतर फार वर्षे मिळाली नाहीत. 31 जुलै 1964 रोजी कंट्री संगीताचे माहेरघर असलेल्या नॅशव्हिल शहराजवळ झालेल्या विमान अपघातात, वयाच्या 40 व्या वर्षी, तो गेला.

जॉनी कॅशचे ‘आय वॉक द लाइन’ 1956 चे. कॅशच्या मनात ते संथ लयीत होते, पण मेम्फिसच्या सन स्टुडिओचे मालक सॅम फिलिप्स यांनी ते जलद करवून घेतले आणि तेच बाजारात आणले. रेडिओवर ते ऐकल्यावर, याच्या प्रती आता पुढे पाठवू नका, अशी विनंती कॅशने फिलिप्सना केली होती. गाण्यात ढोल नाही, ड्रम नाही. गिटारच्या तारांमध्ये कागद सरकवून कॅशने तो खसखसणारा ठेका काढला आहे. कडव्या-कडव्याला पट्टी बदलते, म्हणून प्रत्येक कडव्याआधी तो ओठ मिटून नवा सूर गुणगुणतो आणि मगच शब्दांना हात घालतो. रियाजाला बसलेला माणूस षड्ज धरतो तसा तो हुंकार मला नेहमी वाटतो, आणि गाण्यातला तोच भाग मला सर्वांत प्रिय आहे. किटी वेल्सने 1952 मध्ये ‘इट वॉझन्ट गॉड हू मेड हाँकी टाँक एंजल्स’ गायले ते ध्वनिमुद्रणाच्या 125 डॉलर बिदागीसाठी, आणि त्याच गाण्याने कंट्रीच्या यादीत एकटीच्या बळावर पहिल्या क्रमांकावर पोचणारी पहिली स्त्री ती ठरली. हँक विल्यम्सचे ‘आयम सो लोनसम आय कुड क्राय’ हेही 1949 सालच्या तबकडीची दुसरी बाजूच होती.

याला अपवाद आहेत, आणि ते मोठे आहेत. लॉरेटा लिनने ‘कोल मायनर्स डॉटर’मध्ये केंटकीतल्या बुचर हॉलो इथले आपले बालपण, खाणकामगार बाप आणि आठ भावंडांचे घर स्वतः शब्दांत मांडले, संगीत-निर्माता ओवेन ब्रॅडली यांनी त्यातली काही कडवी लांबीपायी काढायला लावली, एवढीच त्यात दुसऱ्याची ढवळाढवळ. डॉली पार्टनने तर आपला जोडीचा गायक पोर्टर वॅगनर याची साथ सोडताना त्याचा निरोप घेण्यासाठी ‘आय विल ऑल्वेज लव्ह यू’ लिहिले, आणि एल्व्हिस प्रेस्लीच्या व्यवस्थापकाने गाण्याचे अर्धे हक्क मागितले तेव्हा नकार दिला. त्या नकाराबद्दल मला तिच्याविषयी मनापासून आदर वाटतो.

पण माझे मन रेंगाळते ते पॅट्सी क्लाइनच्या ‘क्रेझी’पाशी. हे गाणे विली नेल्सनचे. तेव्हा तो नॅशव्हिलमध्ये धडपडणारा गीतकार होता, आणि त्याची गाण्याची रीत अशी, की शब्द ठेक्याच्या मागेपुढे रेंगाळावेत. त्याने गाऊन पाठवलेला नमुना पॅट्सीला मुळीच रुचला नाही. त्यातच 14 जून 1961 रोजी मोटारीच्या भीषण अपघातात ती जबर जखमी झाली होती. ऑगस्टमध्ये ती कुबड्या घेऊन ब्रॅडली यांच्या स्टुडिओत आली, पण दुखऱ्या बरगड्यांमुळे वरचे सूर लागेनात. ज्या काळी तीन तासांत चार गाणी उरकत, त्या काळी या एका गाण्यावर चार तास गेले. शेवटी वाद्यमेळ तेवढा मुद्रित करून ठेवला गेला, आणि काही दिवसांनी तिने परत येऊन एका दमात आपला आवाज त्यावर चढवला. गाण्याचा पहिलाच शब्द उंचावरून खाली उतरतो, आणि ती तो उतार घाईने संपवत नाही. पुढची प्रत्येक ओळ ती ठेक्याच्या किंचित मागे ठेवते; सम हुकणार असे वाटता वाटता ती अलगद तिच्यावर येते. मागे फ्लॉइड क्रेमरचा पियानो मोजकेच बोलतो. छातीत कळ असताना श्वास जपून वापरायची जी सवय लागते, तीच या गायकीत उतरली असावी, असे मला वाटते. 5 मार्च 1963 रोजी टेनेसीतल्या कॅम्डनजवळ तिचे विमान कोसळले. ती अवघी 30 वर्षांची होती.

आणि जॉर्ज जोन्स. ‘ही स्टॉप्ड लव्हिंग हर टुडे’ 1980 मध्ये आले, पण त्याचे ध्वनिमुद्रण वर्षाहून अधिक काळ रखडले होते. बॉबी ब्रॅडॉक आणि कर्ली पटमन यांनी लिहिलेल्या या गाण्यातला माणूस मरेपर्यंत तुझ्यावर प्रेम करीन असे सांगतो, जुनी पत्रे जपून ठेवतो, आणि आज त्याने प्रेम करणे थांबवले याचा अर्थ तो गेला, हे ऐकणाऱ्याला हळूहळू उमगते. इतके उदास, मरणाचे गाणे कोण विकत घेणार, असे जोन्सचे म्हणणे होते. दारूने त्याची दशा तेव्हा इतकी वाईट झाली होती, की चाल दुसऱ्याच गाण्याकडे घसरे, आणि मधला नुसता बोलायचा तुकडाही त्याच्याकडून धड होईना. त्या चार ओळी मुद्रित व्हायला पुढे कित्येक महिने जावे लागले. आज ऐकताना तोच तुकडा सर्वांत आत जातो. ती शेवटची त्याला पाहायला आली, एवढेच त्यात सांगितले आहे, आणि जोन्स ते शेजारच्या घरातली बातमी सांगावी तसे, गळा न काढता सांगतो. कंट्री म्युझिक असोसिएशनने 1980 आणि 1981 अशी सलग दोन वर्षे याला सर्वोत्तम गीत ठरवले. मे 2013 मध्ये नॅशव्हिलच्या ग्रँड ओल ऑप्री या कंट्रीच्या जुन्या रेडिओ-मैफलीच्या सभागृहात जोन्सला निरोप देण्यात आला, तेव्हा ॲलन जॅक्सनने हेच गाणे म्हटले.