तुम्ही विचारलंत म्हणून: पैशांच्या तासाला हिपहॉप कशाला?

मी मुलांना पैशांचे व्यवहार शिकवते, आणि त्या तासाला हिपहॉप, म्हणजे रॅप आणि डीजेंचं संगीत, घेते. म्हणून पालक मला हे नेहमी विचारतात. गळ्यात सोन्याच्या जाड साखळ्या, व्हिडिओत नोटांची उधळण. यातून मुलं बचत काय शिकणार?

हिपहॉपचा जन्म जिथे झाला असं मानतात, ती 11 ऑगस्ट 1973 ची न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातली पार्टी सिंडी कॅम्पबेल या शाळकरी मुलीने भरवली होती. शाळेसाठी नवे कपडे घ्यायला तिला पैसे हवे होते. मुलींना 25 सेंट, मुलांना 50 सेंट असं तिकीट लावलं आणि रेकॉर्ड वाजवायला भावाला, म्हणजे डीजे कूल हर्कला, उभं केलं. या पार्टीचा हिशोब मी मुलांना मांडायला लावते. खर्च धरा, किती जण आले की तो भरून निघेल ते काढा. मुलं भांडून भांडून आकडे काढतात.

मग येतो रेकॉर्ड कंपनीचा करार. ॲडव्हान्स मिळाला की मुलांना वाटतं, कमाई झाली. खरं तर ती उचल असते. ती आणि रेकॉर्डिंगचा खर्च कलाकाराच्या वाट्यातून आधी वळता होतो. टीएलसी या तिघींच्या गटाने 1995 मध्ये दिवाळखोरी जाहीर केली, तेव्हा त्यांचा अल्बम धडाक्यात खपत होता! उलट मास्टर पी या रॅपरने वितरणाचा करार करताना मूळ रेकॉर्डिंगची मालकी स्वतःकडेच ठेवली. मिळकत आणि मालमत्ता यांतला फरक मुलांना इथे समजतो, व्याख्येची गरजच पडत नाही.

आता साखळ्यांबद्दल. 1930 च्या दशकात अमेरिकेत सरकारी नकाशांवर कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगाने रंगवल्या गेल्या, आणि अशा वस्त्यांतल्या लोकांना घरासाठी कर्ज मिळणं दुरापास्त झालं. घर घेऊन मुलांसाठी काही मागे ठेवण्याची वाटच बंद. त्या वस्त्यांत वाढलेल्याला आपली कमाई अंगावर मिरवावीशी वाटली, तर मला तो उथळपणा वाटत नाही. मुलांच्या हौसेलाही मी कधी नावं ठेवत नाही. ज्याला आपल्या इच्छेची लाज वाटते, तो पैशांविषयी खरं बोलतच नाही.

म्हणून बजेटच्या आधी प्रत्येकाने स्वतःवर रॅपच्या सोळा ओळी लिहायच्या: मी कोण, मला काय हवंय, कुणासाठी हवंय. ‘आईला घर घेऊन देणार’ ही ओळ कुणीतरी लिहितंच. मग डाउन पेमेंट, व्याज, क्रेडिट स्कोअर, सगळं त्या ओळीवरूनच शिकवते.