पणगुडीच्या पुढचा वारा

तमिळनाडूत कन्याकुमारीकडे जाताना तिरुनेलवेली मागे पडली की राष्ट्रीय महामार्ग ४४ नाकासमोर दक्षिणेला जातो. चौपदरी रस्ता, मध्ये दुभाजक, खड्डा औषधाला नाही. जुलै महिना असूनही आकाश निळंशार आणि ऊन कडक. आमच्या साताऱ्याकडचा कुठलाही ड्रायव्हर असा रस्ता बघून गाडी ऐंशीवर नेईल. गाडी उंच टपाची असेल तर इथे ते करू नका.

मी टुरिस्ट गाडी चालवतो. हाय-रूफ ट्रॅव्हलर आहे, आत माणूस ताठ उभा राहू शकतो. आषाढी झाली, पेरण्या उरकल्या की आमच्या भागातली म्हातारी मंडळी रामेश्वर-कन्याकुमारीला निघतात. या वेळी आबा, आक्का आणि त्यांच्या भावकीतली माणसं होती. रामेश्वर केलं, मदुराईला मीनाक्षीचं दर्शन झालं आणि आम्ही खाली निघालो.

वाऱ्याची चुणूक पांबनच्या पुलावरच मिळाली होती. समुद्रावरून जाणारा हा रस्त्याचा पूल १९८८ सालचा, दोन किलोमीटरहून जास्त लांब, आणि दोन्ही बाजूंना आडोसा म्हणून काही नाही. शेजारच्या जुन्या रेल्वे पुलावर वारा ताशी ५८ किलोमीटरच्या वर गेला की गाड्या थांबवायचे. डिसेंबर १९६४ च्या चक्रीवादळात धनुष्कोडीजवळ अख्खी पॅसेंजर गाडी वाहून गेली, त्या मुलखातला हा नियम. एवढ्या जड आगगाडीला जिथे लाल सिग्नल मिळतो तिथे आपल्या पत्र्याच्या डब्याची काय कथा, हा विचार माझ्या डोक्यात तिथपासून होता.

म्हणून तिरुनेलवेलीच्या मुक्कामी मी टपावरच्या कॅरिअरचं सगळं सामान खाली काढलं. बॅगा सीटच्या मधल्या वाटेत, पायापाशी, जमेल तिथे आडव्या टाकल्या. आबा कुरकुरले, "आता पाय काय डोक्यावर ठिवायचं का?" पण वजन टपावर असलं की गाडी वरून जड होते आणि फुगलेली ताडपत्री वाऱ्याला आणखी जागा देते. मंडळींनी शेवटी ऐकलं. टायरची हवाही बघून घेतली.

वाऱ्याची मला सवय नाही असं नाही. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांखालून मी वर्षानुवर्षं गाडी नेतोय. पण आपल्याकडे पावसाळ्यातला वारा पाऊस आणि धुकं घेऊन येतो. काळं आभाळ बघून पाय आपोआप ॲक्सिलरेटरवरून उचलला जातो. इथे तसं काहीच दिसत नाही. नैर्ऋत्येचा मोसमी वारा केरळच्या बाजूला पाऊस टाकून मोकळा होतो, सह्याद्रीला अडतो, आणि जिथे खिंड सापडेल तिथून घुसतो. पालघाट, सेंगोट्टै आणि अगदी दक्षिणेला आरल्वायमोळी या त्या खिंडी. अरुंद जागेतून जाताना वाऱ्याचा वेग वाढतो आणि पलीकडच्या सपाटीवर तो कोरडाच येऊन आदळतो. डोंगरापलीकडे धो धो पाऊस, इकडे लख्ख ऊन आणि वादळी वारा. फसायला होतं ते या उन्हामुळे.

वळ्ळियूरच्या आसपास पवनचक्क्या दिसू लागल्या. सावधगिरीचा फलक मला तरी कुठे दिसला नाही, पण पवनचक्कीसारखा फलक दुसरा नाही. तिचं तोंड नेहमी वाऱ्याकडे असतं. इथे झाडून सगळ्यांची तोंडं पश्चिमेला, डोंगराकडे होती. आम्ही दक्षिणेला चाललेलो, म्हणजे वारा उजव्या अंगावर घ्यायचा होता. ताडाच्या झावळ्या सगळ्या एकाच बाजूला ओढल्यासारख्या, रस्त्यावरून प्लास्टिकच्या पिशव्या आडव्या पळतायत. मी गाडी पन्नासच्या आत आणली.

पणगुडी ओलांडली आणि पहिला दणका बसला. डाव्या पट्ट्यात सरळ चाललेली गाडी हातभर डावीकडे सरकली. आक्का पुढच्या सीटवर होत्या. "आरं बाळा, गाडी आशी का झुलाय लागलीय?"

"वारं हाय आक्का. घट्ट धरून बसा."

ट्रॅव्हलरची एक बाजू म्हणजे साधारण सहा मीटर लांब आणि दोन मीटर उंच भिंतच. ताशी ६० किलोमीटरचा वारा तिला आडवा लागला की दोनशे किलोच्या आसपास रेटा पडतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर रेटा चौपट होतो, म्हणून ८० चा झोत आला की तोच आकडा साडेतीनशेवर जातो. त्यात गाडी जितकी पळवाल तितकं तिला ढकलणं सोपं, आणि स्टेअरिंग सावरेपर्यंत ती तितकीच जास्त लांब गेलेली असते. एकसारख्या वाऱ्याचं एवढं काही नाही. स्टेअरिंग किंचित उजवीकडे दाबून धरलं की गाडी सरळ चालते. घात करतो तो मध्येच येणारा झोत, आणि त्याहून जास्त घात करतं वाऱ्याचं अचानक थांबणं.

हे मला एका एसटीएवढ्या बसने दाखवलं. ती उजवीकडून पुढे जायला लागली तशी मध्ये आली आणि माझ्यावरचा वारा तुटला. मी स्टेअरिंग उजवीकडे दाबून धरलेलं, त्यामुळे वारा थांबताच गाडी बसकडेच ओढली गेली. आरशात बस येताना दिसली तेव्हाच मी डावीकडे जागा ठेवली होती आणि हात सैल करायला तयार होतो, म्हणून निभावलं. बस पुढे सरकली, तिच्या मागच्या बंपरच्या मागे मोकळी हवा आली आणि धाडकन पुन्हा डावीकडे धक्का. दोन-तीन सेकंदांत स्टेअरिंग सैल सोडायचं, सरळ धरायचं, परत दाबायचं. झटका द्यायचा नाही. करकचून ब्रेक तर मुळीच नाही.

उड्डाणपुलांवर हेच जास्त जोरात होतं, कारण रस्ता उंचावतो आणि झाडांचा, घरांचा आडोसा खाली राहतो. चढ लागायच्या आधीच गिअर उतरवून ठेवलेला बरा.

कावलकिणरूहून आम्ही नागरकोइलचा फाटा घेतला, कारण मंडळींना वाटेत शुचींद्रमचं देऊळ करायचं होतं. इथे रस्ता थेट आरल्वायमोळीच्या खिंडीच्या तोंडात शिरतो. वारा आता समोरून. गाडी झुलायची थांबली, पण तिसऱ्या गिअरवरही ओढत नव्हती. मुप्पंदलला रस्त्यालगतच इसक्की अम्मनचं देऊळ आहे, जाणारी-येणारी वाहनं थांबून हात जोडतात. आम्हीही थांबलो. मी गाडीचं तोंड वाऱ्याकडे करूनच उभी केली आणि सगळ्यांना बजावलं, माझ्याशिवाय दार कुणी उघडायचं नाही. पाठीमागून वारा येत असताना पुढचं दार उघडलं तर ते हातातून निसटतं, बिजागरी वाकते आणि बोटं सापडतात. एकेकाला हाताला धरून उतरवलं. आक्कांनी पदर दातात धरला होता.

चहाच्या टपरीवर एक ट्रकवाले काका भेटले, तोडकंमोडकं हिंदी बोलणारे. त्यांनी तमिळमधली म्हण ऐकवली: आडी महिन्याच्या वाऱ्यात दगडी पाटासुद्धा उडतो. आक्का म्हणाल्या, "आमच्या आषाढातबी असंच." काकांचा सल्ला सोपा होता. रिकामी गाडी भरलेल्या गाडीपेक्षा जास्त उडते, आणि निघायचं ते पहाटे, दुपारी नाही.

कन्याकुमारीला वाऱ्यामुळे बोट बंद होती. विवेकानंद शिलास्मारक किनाऱ्यावरूनच बघावं लागलं. १९७० साली ते उभं करणारे एकनाथ रानडे आपल्या अमरावती जिल्ह्यातले, हे आबांना ठाऊक होतं आणि त्यांनी ते सगळ्यांना सांगितलं. बोट सुरू होईल म्हणून बराच वेळ बसले बिचारे.

परतीला सरळ ४४ वरूनच आलो, पहाटे अंधारात निघून. वारा होता, पण अर्धाच. मात्र जाताना जे शिकलो ते येताना उलटं वापरायचं असतं. उत्तरेला जाताना वारा डावीकडून. ट्रकला ओव्हरटेक करायला उजवीकडे गेलात की तुम्ही त्याच्या आडोशाला येता आणि सगळं शांत होतं. ट्रकच्या केबिनपुढे निघालात की झोत तुम्हाला दुभाजकाकडे ढकलतो, म्हणजे नेमका तुमचा वेग सगळ्यात जास्त असताना. वळ्ळियूरपर्यंत मी एकाही ट्रकला मागे टाकलं नाही. मागून येणाऱ्यांनी हॉर्न वाजवले, वाजवू दे.

जूनपासून सप्टेंबरपर्यंत उंच गाडी घेऊन या बाजूला येणार असाल तर आदला मुक्काम तिरुनेलवेलीला करा. कॅरिअर तिथेच रिकामं करा, उजाडायच्या आत पणगुडी पार करा आणि वारा फारच असला तर पेट्रोल पंपावर भिंतीच्या आडोशाला गाडी लावून थांबा. चहा सगळीकडे मिळतो.