एका शब्दाचा फॉर्म

मी जनुकीय चाचण्यांच्या प्रयोगशाळेत विश्लेषक आहे. पेशंट मला भेटत नाहीत. माझ्यापर्यंत येतो तो त्यांचा डेटा आणि सोबतचा फॉर्म. त्या दिवशी आलेला फॉर्म जुना होता. मुलीची एक्झोम चाचणी, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या सगळ्या जनुकभागांची तपासणी, पूर्वी दुसरीकडे झाली होती, रिपोर्ट निगेटिव्ह होता आणि लक्षणांच्या रकान्यात एकच शब्द होता : बहिरेपण.

तिच्या न्यूरॉलॉजिस्ट बाईंनी फोनवर पुढचं सांगितलं. मुलीला आता घास गिळता येत नव्हता, हातांतली ताकद चालली होती, जीभ आतून थरथरत होती आणि झोपेत श्वास कमी पडत होता. "जुना डेटा एकदा पुन्हा बघाल का?"

एक्झोममध्ये प्रत्येकाचे हजारो बदल निघतात, आणि बहुतेक निरुपद्रवी असतात. त्यांतला दोषी कोणता, हे शोधायला लक्षणांसारखा दुसरा धागा नसतो. बहिरेपणाची जनुकं शंभराहून जास्त आहेत. पण बहिरेपण, गिळण्याचा त्रास आणि दुबळा श्वास हे तिन्ही एकत्र आले की यादी फार आखूड होते. नवी लक्षणं घालून शोध घेतला आणि एसएलसी५२ए२ हे जनुक वर आलं.

हे जनुक रायबोफ्लेविन, म्हणजे बी-२ जीवनसत्त्व, पेशीत नेणारं प्रथिन बनवतं. ते बिघडलं की रक्तात जीवनसत्त्व असूनही मज्जातंतूंच्या पेशी उपाशी राहतात. ब्राउन या डॉक्टरांनी यातून होणाऱ्या आजाराचं वर्णन १८९४ मध्ये केलं होतं. त्यामागची जनुकं मात्र २०१० पासून पुढे हाती लागली.

स्क्रीनवर दोन जागी, साधारण निम्म्या वाचनांत, डीएनएचं अक्षर बदललेलं होतं, म्हणजे प्रत्येक बदल जनुकाच्या दोनपैकी एकाच प्रतीवर होता. एवढ्यावर काही सिद्ध होत नाही. दोन्ही बदल जनुकाच्या एकाच प्रतीवर असतील तर दुसरी प्रत शाबूत असते आणि हा आजार होत नाही. सुदैवाने आईवडिलांचाही डेटा होता. आईची फाइल उघडली : पहिला बदल आहे, दुसरा नाही. वडिलांची उघडली : पहिला नाही, दुसरा आहे. म्हणजे मुलीच्या दोन्ही प्रतींत बदल होता. मी खुर्चीतून उठलेच. शेजारच्या सहकाऱ्याला सगळं पुन्हा तपासायला लावलं आणि फोन उचलला.

"डॉक्टर, पडताळणीला वेळ लागेल. पण रायबोफ्लेविनचा विचार आजच करा."

"बी-टू? नुसतं बी-टू?"

"मोठ्या डोसमध्ये. किलोमागे रोज १० ते ५० मिलिग्रॅम दिल्याचे अनुभव प्रसिद्ध आहेत." निरोगी मोठ्या माणसाची दिवसाची गरज सव्वा मिलिग्रॅमच्या आसपास असते.

"मग रिपोर्टसाठी थांबायचं कशाला?" त्या म्हणाल्या, आणि संध्याकाळी पहिला डोस गेला.

त्यांचं बरोबर होतं. औषध सहसा निर्धोक आहे, लघवी गडद पिवळी होते एवढंच. वाया जाणारे दिवस मात्र मज्जातंतूंच्या मुळावर येतात. या आजाराची नुसती शंका आली तरी ते सुरू करावं, असं मला ठामपणे वाटतं.

काही महिन्यांनी त्यांनी कळवलं : मुलगी पातळ अन्न तोंडाने घेते, हात डोक्यापर्यंत नेते. ऐकू मात्र अजून येत नाही. त्यासाठी कॉक्लिअर इम्प्लांटचा विचार चालू आहे. त्याच निरोपात धाकट्या भावाचं सॅम्पल पाठवत असल्याचं लिहिलं होतं. त्याला काहीच त्रास नाही, पण दोन्ही सदोष प्रती त्याच्याकडेही आलेल्या असण्याची शक्यता २५ टक्के आहे. या वेळी फॉर्मचं पान दोन्ही बाजूंनी भरलेलं होतं.